चीफ एडिटर, एसटी स्टँडसमोर, पहिला मजला

फोन उचलल्यावर चीफ 'हॅलो' म्हणत नाहीत. 'अभिनंदन सर, पेपर सिलेक्ट झाला,' असं म्हणतात. पलीकडे कोण आहे, त्याने पेपर पाठवलाय की नाही, या तपशिलात ते शिरत नाहीत. एकदा गॅस एजन्सीच्या पोऱ्याने 'सिलिंडर घेऊन खाली उभा आहे' हे सांगायला फोन केला, तर त्याचंही अभिनंदन झालं. वर पासपोर्ट साइज फोटो आणि पंधराशे रुपये दोन दिवसांत पोचवायलाही त्याला सांगण्यात आलं.

त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नाही. प्राचार्यांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी ते चीफ. व्हिजिटिंग कार्डावर मात्र संपूर्ण पद आहे आणि ते मावावं म्हणून कार्डाला मधे घडी आहे. त्यांच्या मासिकाच्या नावात इंटरनॅशनल, ग्लोबल आणि वर्ल्ड असे तिन्ही शब्द आहेत. पुढे मल्टिडिसिप्लिनरी, पीअर रिव्ह्यूड, रेफ्रीड, इंडेक्स्ड आणि ओपन ॲक्सेस ही विशेषणं येतात. पत्ता एसटी स्टँडसमोर, पहिला मजला.

तो पहिला मजला म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. जिना इतका अरुंद आहे की चढणाऱ्या प्राध्यापकाला उतरणाऱ्या प्राध्यापकाची नजर चुकवता येत नाही. मग दोघंही 'सहज आलो होतो' म्हणतात. दारावरची पाटी चीफनी कधी बदलली नाही, नुसती वाढवत नेली. सगळ्यात वर 'शासनमान्य टायपिंग इन्स्टिट्यूट', त्याखाली 'डीटीपी, लग्नपत्रिका', त्याखाली 'थिसिस टायपिंग व बाइंडिंग' आणि तळाला जर्नलचं नाव. टायपिंगच्या काळातलं 'शासनमान्य' तेवढं त्यांनी मधल्या काळात दोनदा रंगवून घेतलं, त्यामुळे आता ते सगळ्या पाटीला लागू पडतं.

मी इथल्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. चीफ दर महिन्याला अंकाची एक प्रत ग्रंथालयाला भेट देतात आणि पोच घेऊन जातात. त्या पोचेचं पुढे काय होतं ते मला बऱ्याच काळाने कळलं. ते तिच्यावर 'इंडेक्स्ड इन लायब्ररीज' असं लिहितात.

धंद्यामागचं तत्त्व त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "मॅडम, कागद लोकांना नको असतो, सरकारला हवा असतो. आपण मधे उभं राहायचं." या तत्त्वावर त्यांनी आयुष्यभर पोट भरलं. टायपिंगचं सर्टिफिकेट, अर्जाचे नमुने, प्रतिज्ञापत्रं, जातपडताळणीच्या फायली. मग २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाचा गुणांचा हिशेब आणला. रेफ्रीड जर्नलमध्ये पेपर छापून आला की पंधरा गुण. हे ज्या राजपत्रात आलं ते चीफनी कितीतरी प्राचार्यांच्या आधी वाचलं, डीटीपीचा टेबल भिंतीकडे सरकवला आणि मधोमध एक फिरती खुर्ची आणली.

गंमत सांगते, पण मला प्राध्यापकांना हसवत नाही. आठवड्याला सोळा तास शिकवायचं, वर परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली. ज्या गावात एकही शोधपत्रिका वाचायला येत नाही, त्या गावातल्या माणसाने शोधपत्रिकेत लिहावं अशी अपेक्षा. ग्रंथालयाचं वार्षिक अंदाजपत्रक माझ्या हातात असतं, म्हणून खात्रीने सांगते: परदेशी प्रकाशकाच्या एका चांगल्या विज्ञानपत्रिकेची वर्गणी भरायची तर आमच्या वाचनकक्षातले पंखे विकावे लागतील, आणि तरी भागणार नाही.

'ओपन ॲक्सेस' हा शब्द चीफना आमच्या महाविद्यालयातल्याच एका कार्यशाळेत मिळाला. ते आले होते स्मरणिकेचे गठ्ठे पोचवायला आणि जेवणापर्यंत थांबले. पाहुणे वक्ते बुडापेस्टच्या जाहीरनाम्याबद्दल बोलत होते. १४ फेब्रुवारी २००२ रोजी तो निघाला. संशोधन लोकांना इंटरनेटवर फुकट वाचता यावं, ही त्याची साधी आणि मोठी मागणी. मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि तो वाचून मला खरोखर आनंद झाला होता. वर्गणीच्या कुलपामागे पडलेलं सगळं आता तालुक्याच्या गावापर्यंत येणार, असं वाटलं होतं. आलंही पुष्कळ. हे कोणी नाकारू नये.

पण वक्त्यांनी पुढे सांगितलं, की वाचक पैसे देणार नसेल तर छपाईचा खर्च कोणी तरी सोसायला हवा, म्हणून काही पत्रिका तो लेखकाकडून घेतात. चीफनी जिलेबीचा तुकडा ताटात परत ठेवला. "म्हणजे गिऱ्हाईक बदललं," ते मला म्हणाले. जगभरच्या ग्रंथपालांनी, प्रकाशकांनी आणि विद्यापीठांनी यावर जे खंडच्या खंड लिहिले, त्यांतला अर्धा ऐवज या वाक्यात आहे. वर्गणी वाचकाकडून येते तेव्हा अंक रद्दड निघाला तर वर्गणी तुटते. फी लेखकाकडून येते तेव्हा जितके लेख घ्याल तितके पैसे, आणि नाकारलेला प्रत्येक लेख म्हणजे तोटा.

अर्थात गिऱ्हाईक बदललंच पाहिजे असंही नव्हतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आणि सेठ जीएस मेडिकल कॉलेजची 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' ही १९५५ पासूनची पत्रिका. तिथल्या डॉक्टरांनी ती इंटरनेटवर वाचकांना फुकट दिली, लेखकांकडूनही पैसे घेतले नाहीत, आणि तिचं नाव उलट जगभर वाढलं. त्याच मुंबईत डॉ. डी. के. साहू यांनी १९९७ मध्ये मेडनो ही संस्था काढून कितीतरी भारतीय वैद्यकीय पत्रिका अशा वाटेला लावल्या. पुढे २०११ मध्ये ती एका मोठ्या परदेशी प्रकाशनसमूहाने विकत घेतली, तो भाग वेगळा. हे मी चीफना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "लेखकाकडून नाही, वाचकाकडून नाही. मग अमावस्या-पौर्णिमेला घरी काय सांगतात ते?"

चीफचा दर लेखाला पंधराशे आहे. सर्टिफिकेट लॅमिनेट करून हवं तर जास्तीचे. सहलेखकाचे वेगळे. सहलेखक हे चीफचं विशेष आवडतं प्रकरण आहे. २०१८ च्या नव्या नियमांत एका पेपरला विज्ञानशाखेत आठ आणि कला-वाणिज्य वगैरे शाखांत दहा गुण ठरले. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. हे वाक्य चीफनी मोठ्या अक्षरांत छापून खुर्चीमागे चिकटवलंय. येणाऱ्याला ते खडूने पाटीवर समजावून सांगतात: "एकट्यानं लिहिला तर दहा. दोघांनी लिहिला तर सात आणि सात. चौदा! मॅडम, दहाच्या वस्तूचे चौदा करून देणारी योजना सरकारनं आधी कधी काढली होती का? लोक म्हणतात संशोधनात मजा नाही." तेव्हापासून गणित आणि मराठी विभागांचं संयुक्त संशोधन आमच्याकडे सुरू झालं, आणि 'तुकारामांच्या अभंगांतील संख्याविचार' यासारखे विषय निघाले.

मार्च महिना ही त्यांची लग्नसराई. बढतीच्या फायली, नॅकची भेट, आर्थिक वर्षाचा शेवट असं सगळं एकदम येतं. त्या दिवसांत खालचा झेरॉक्सवाला स्वतःचं काम बंद ठेवून अंक शिवत बसतो. जिन्यावर प्राध्यापकांची रांग लागते. आत कोणी तरी विचारत असतं, 'जानेवारीच्या अंकात बसेल का?' आणि एप्रिल उजाडलेला असला तरी जानेवारीचा अंक अजून उघडाच असतो. चीफकडे कुठलाच महिना कायमचा बंद होत नाही.

एवढ्यावरून तुम्हाला चीफ म्हणजे ठग वाटले असतील, तर त्यांची एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. चीफ पेपर वाचतात.

खरंच वाचतात. आधी टायपिंगवाले आणि मग डीटीपीवाले. डोळ्यांसमोरून अक्षर न वाचता जाऊ द्यायचं हा त्यांना अधर्म वाटतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, तुटलेली वाक्यं जोडतात, श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना फुटलेली जोडाक्षरं एकेक करून लावतात. आमच्या भागातले पेपर त्यांच्या लेखकांनी पूर्ण वाचलेले असतील याची मी हमी देऊ शकत नाही. परीक्षक नसतातच. बढतीची समिती पहिलं पान आणि आयएसएसएन क्रमांक बघते. हा क्रमांक नुसता ओळखीसाठी असतो, फुकट मिळतो, तरी समिती त्याच्याकडे हॉलमार्क असल्यासारखी बघते. म्हणजे पहिल्या शब्दापासून संदर्भसूचीपर्यंत वाचणारा माणूस एकच, बी.ए., टायपिंग चाळीस शब्द प्रतिमिनिट.

परिणामी चीफ विद्वान झाले. ठिबक सिंचन, जीएसटी, दलित आत्मकथनं, नॅनो-कण, महिला बचतगट, शिवकालीन करपद्धती, जलयुक्त शिवार अशा कशावरही ते बोलू शकतात, आणि बोलतात. एकदा इतिहासाच्या एका सरांनी पेपर दिला. चीफनी दोन पानं वाचली आणि पानं उलटी करून त्यांच्यापुढे सरकवली. "सर, हे आपण गेल्या दिवाळीच्या अंकात दुसऱ्या सरांच्या नावानं छापलंय. तिसऱ्या परिच्छेदात 'तद्वतच' आहे बघा. त्यांनीही घातला होता." सरांचा चेहरा पडला. चीफनी मार्ग काढला: "प्रस्तावना बदला आणि 'तद्वतच' काढा." चोरी पकडणारं सॉफ्टवेअर आमच्या महाविद्यालयात पुढे आलं. त्याला मराठी चोरी फारशी ओळखता येत नाही. चीफना येते.

संपादक मंडळावर बावीस नावं आहेत, त्यांत माझंही आहे. ते मला नॅकच्या समितीतल्या एका सदस्याकडून कळलं. 'तुम्ही यांच्या मंडळावर आहात का?' असं त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. मी चीफना जाब विचारला. ते म्हणाले, "मॅडम, मानाचं पद आहे, काम काही नाही." युरोपातले एक गोरे प्राध्यापकही आहेत, त्यांना बहुधा नॅककडून कळायचं बाकी आहे. एक सदस्य वारले. चीफनी अंकात चौकट टाकून श्रद्धांजली वाहिली, पण वेबसाइटचा पासवर्ड पुण्यात शिकणाऱ्या भाच्याकडे आहे आणि तो फोन उचलत नाही, म्हणून मंडळावर ते अजून आहेत. 'पीअर रिव्ह्यू जलद होतो' अशी जी ख्याती आहे, ती अशा मंडळामुळे.

जगात आपल्यासारखे आणखी कोण आहेत याची चीफना फार उत्सुकता. कोणी वर्तमानपत्रातलं कात्रण आणून दिलं की ते फाइलला लावतात. त्या फायलीत २०१३ ची एक बातमी आहे. 'सायन्स' पत्रिकेसाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला, दगडफुलाच्या एका जातीपासून कर्करोगावर औषध सापडल्याचा एक बनावट पेपर तयार केला आणि तो ३०४ ओपन ॲक्सेस पत्रिकांना पाठवला. १५७ पत्रिकांनी स्वीकारला. चीफना याचा राग आला, पण वेगळ्याच कारणाने. "आपल्याकडे का नाही पाठवला? आपण काय कमी होतो? मी वाचला असता तो. स्पेलिंगच्या चुका निघाल्या असत्या."

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या जेफ्री बील नावाच्या ग्रंथपालाने अशा पत्रिकांना भक्षक म्हटलं आणि त्यांची यादी इंटरनेटवर लावली, हे कळलं तेव्हा तर चीफ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या जातीतलाच माणूस दिसतोय, जरा बघा आपलं नाव आहे का." आम्ही दोघांनी वरपासून खालपर्यंत यादी पाहिली. हैदराबाद भरपूर, दिल्ली भरपूर. आमच्या तालुक्याचं नाव नव्हतं. चीफ पाणी पिऊन बराच वेळ बसून राहिले. "मराठी माणसाची दखलच घेत नाहीत," म्हणाले. बीलने ती यादी २०१७ च्या जानेवारीत काढून टाकली, तोवरही घेतली नाही.

२०१७ मध्येच प्रसिद्ध झालेला पोलंडच्या काही संशोधकांचा एक प्रयोगही त्या फायलीत आहे. त्यांनी एक खोटी बाई तयार केली. तिच्या नावे कसलंही संशोधन नाही, संपादनाचा अनुभव नाही, आणि मधलं आद्याक्षर आडनावाला जोडलं की त्यांच्या भाषेत अर्थ होतो 'लबाड'. तिला संपादक करून घ्या म्हणून ३६० पत्रिकांना अर्ज पाठवले. ४८ जणांनी घेतलं, काहींनी तर थेट मुख्य संपादक केलं. चीफ यावर बोलले नाहीत. माझं नाव मंडळावर कसं आलं ते त्यांना आठवलं असावं.

सरकारी याद्यांनी मात्र चीफना एवढे चढउतार दाखवले की त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. २०१७ साली आयोगाने मान्यताप्राप्त पत्रिकांची भलीमोठी यादी जाहीर केली. विद्यापीठांनी सुचवलेली नावंही तीत आली. चीफचं जर्नल तीत बसलं. कसं बसलं ते मी विचारलं नाही. त्यांनी स्टँडवर फ्लेक्स लावला आणि दर पंधराशेवरून अडीच हजारांवर नेला. मग पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांपैकी ज्या त्यांनी तपासल्या, त्यांत ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाल्या. कोणाचा पत्ता खोटा, कोणाचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. २ मे २०१८ रोजी आयोगाने ४,३०५ पत्रिका एका झटक्यात काढल्या. चीफचा फ्लेक्स रात्रीतून उतरला, दरही परत पंधराशेवर आला. दुसऱ्या दिवशी तो झेरॉक्सच्या दुकानावर पावसाळी पडदा म्हणून उलटा बांधलेला होता.

त्यानंतर केअर नावाची नवी, कडक यादी आली. तिचं काम पुणे विद्यापीठातून चाले, त्यामुळे चीफना पुण्याबद्दल जी मूळचीच अढी होती ती पक्की झाली. पण कडक यादीने एक नवाच उद्योग जन्माला घातला, तो म्हणजे प्रतिरूपं. यादीतल्या चांगल्या पत्रिकेच्या नावाची दुसरी वेबसाइट काढायची आणि तिच्यावर पैसे घेऊन पेपर लावायचे. खऱ्या पत्रिकेचे संपादक विद्यापीठात बसून अंकाच्या शुद्धलेखनावर भांडत असतात आणि त्यांच्याच नावाने कोणी तरी बाराशेत सर्टिफिकेट वाटत असतो.

चीफना यात पडायचं नव्हतं. "दुसऱ्याच्या नावावर धंदा नको," म्हणाले. हे तत्त्व त्यांनी पाळलं. आणि त्यांच्याच नावाची प्रतिकृती कोणी तरी काढली.

यादीतून हाकललेल्या पत्रिकेची नक्कल कोणी का करावी हे मला आजही उमगलेलं नाही. पण कुठल्याशा शहरातून त्याच नावाने, त्याच मुखपृष्ठाने, त्याच दिवंगत सदस्यासह नऊशे रुपयांत पेपर लागू लागले. चीफ संतापले. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची म्हणून साक्षीला मला घेऊन गेले. तिथला संवाद मी ऐकला तसा देते.

"काय चोरीला गेलं?" ठाणे अंमलदारांनी विचारलं.

"नाव."

"मग आता तुमच्याकडे नाव नाही?"

"आहे ना. पण त्यांच्याकडेपण आहे."

"तुमचं खरं आणि त्यांचं खोटं, हे ओळखायचं कसं?"

चीफनी दोन अंक टेबलावर ठेवले. अंमलदारांनी दोन्ही चाळले. दोन्ही सारखेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"ते पैसे घेऊन छापतात," चीफ म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"घेतो. पण मी वाचून छापतो, साहेब. ते न वाचता छापतात."

हे नेमकं कोणत्या कलमात बसवायचं यावर अंमलदारांनी बराच वेळ विचार केला. शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या मिसेस तासिका तत्त्वावर आहेत, मराठीला. एक पेपर लागतोय. कोणत्या वाल्याकडे देऊ?"

चीफचं एक म्हणणं मात्र मला खोडून काढता आलेलं नाही. २०२० च्या शेवटी 'नेचर'ने जाहीर केलं की आमच्यात ओपन ॲक्सेस लेख छापायचा तर ९,५०० युरो. म्हणजे आपले आठ लाखांहून जास्त. मी ही बातमी चीफना दाखवली ती त्यांना लाज वाटावी म्हणून. त्यांनी चष्मा काढला, आकडा कागदावर मांडला, पंधराशेने भागला. "पाचशेच्या वर लेख होतात आपल्याकडे एवढ्यात. सर्टिफिकेट धरून. आणि लुटारू कोण? मी!" मी म्हटलं, तिथे परीक्षण खरं असतं, शंभरातले बहुतेक लेख परत जातात. ते म्हणाले, "असतील. पण मोठ्यांचं सगळं खरंच असतं असं नाही हं." आणि पुढल्या वेळी हिंदावीचं कात्रण घेऊन आले. लंडनची ती ओपन ॲक्सेस प्रकाशनसंस्था वायली या बड्या कंपनीने २०२१ मध्ये विकत घेतली. विशेषांकांमधून पैसे देऊन घुसवलेले बनावट पेपर इतके निघाले की २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त मागे घ्यावे लागले आणि ते नावच बंद करावं लागलं. "आठ हजार!" चीफ म्हणाले. त्या स्वरात निषेध होता की हेवा, ते नीटसं ओळखू आलं नाही. "आपण एकही मागे घेतलेला नाही आजवर."

हे खरं आहे. कोणी वाचलंच नाही तर मागे घ्या म्हणून सांगणार कोण?

मग २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने केअरची यादीही बंद केली. चांगलं जर्नल कोणतं ते संस्थांनी आपापलं ठरवावं, असं सांगितलं. चीफनी त्या संध्याकाळी पेढे वाटले. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिका सरकारी संस्थांना वाचायला उघडल्या आहेत. आमचं महाविद्यालय खासगी अनुदानित, त्यामुळे पहिल्या टप्प्यात आम्ही बाहेर. वाचायचं दार पुढेमागे उघडेल. छापायचं दार चीफनी कधी लावलंच नव्हतं.

पण पेढे वाटूनही चीफचं मन रमेना. पेपर आता यंत्राकडून लिहून येऊ लागले आहेत. त्यात शुद्धलेखनाच्या चुका नसतात, वाक्यं तुटत नाहीत, 'तद्वतच' नसतो. "वाचायला काही उरलंच नाही," ते म्हणाले. "सगळे सर एकाच घरात राहिल्यासारखे बोलतात." दुपारी दोन-दोन तास खिडकीतून एसट्या बघत बसायचे.

त्या रिकाम्या दुपारीच त्यांनी पीएच.डी. करायचं ठरवलं. मुक्त विद्यापीठातून मराठीत एम.ए. त्यांनी मधल्या काळात गुपचूप केलेलं होतं. विषय त्यांना शोधावा लागला नाही: ग्रामीण महाविद्यालयांतल्या शोधनिबंधांच्या प्रस्तावना. आजवर आलेल्या सगळ्या पेपरांच्या फायली त्यांच्याकडे होत्याच. 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात' ने सुरू होणाऱ्या प्रस्तावना कधी वाढल्या, कधी ओसरल्या, त्यांच्या जागी 'आत्मनिर्भर' कधी आलं, याचा तक्ता त्यांनी मला दाखवला. मी थक्क झाले. इतका अस्सल, हाताने गोळा केलेला, स्वतः वाचलेला विदा आमच्या विद्यापीठात फार थोड्यांकडे असेल.

मार्गदर्शकांनी सांगितलं, प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती २०२२ पासून नाही. चीफ दुखावले. "बिनपेपरची पीएच.डी.? मग पेपरला किंमत काय राहिली?" सक्ती नसतानाही त्यांनी पेपर लिहिला, आणि माझ्याकडे आले.

"छापणार कुठे? तुमच्याच अंकात?" मी विचारलं.

ते खुर्चीत थोडे मागे सरकले. "नको मॅडम. स्वतःचं काम आहे. कुठल्या तरी चांगल्या जर्नलमध्ये द्यावं म्हणतो."

मी त्यांना एका विद्यापीठाच्या जुन्या मराठी त्रैमासिकाचा पत्ता दिला. फी नाही, दोन परीक्षक, नावं गुप्त. चीफनी पेपर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी अभिनंदनाच्या फोनची वाट पाहू लागले. आठवडा गेला, महिना गेला. "अहो, फी घ्या, पण एकदाचं सांगा!" असं ते माझ्याच टेबलावर हात आपटून म्हणायचे. पावसाळा संपला, दिवाळीचे अंक आले, तरी उत्तर नाही. चीफनी स्वतःच्या जर्नलात 'परीक्षणातील अक्षम्य विलंब' या विषयावर संपादकीय लिहिलं.

उत्तर आलं ते थंडीत. पहिल्या परीक्षकाने अर्धं पान लिहिलं होतं. दुसऱ्याने साडेचार. नमुना कसा निवडला ते स्पष्ट नाही, दुसऱ्या तक्त्यातली बेरीज जुळत नाही, सातव्या पानावर एका वाक्यात दोन 'की' आलेत, अकराव्या पानावरचा संदर्भ सूचीत नाही, आणि 'निष्कर्ष' या मथळ्याखाली निष्कर्ष नसून सारांश आहे. शेवटी शेरा होता: मोठ्या दुरुस्त्यांनंतर पुनर्विचार.

चीफ ती साडेचार पानं घेऊन ग्रंथालयात आले, माझ्या समोर बसून पुन्हा वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या. मग वाकून, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहून म्हणाले:

"मॅडम, ह्या दुसऱ्या नंबरच्या परीक्षकाचा फोन कुठून मिळेल का? दोन 'की' पकडले त्यानं. असा माणूस मार्चमध्ये हाताशी पाहिजे. पगार देऊ आपण."